शंभरच्या वेगाचं मशीन

शरयूच्या दुकानात नवा माणूस आला की आधी इकडंतिकडं बघायचा आणि मग विचारायचा, "साहेब नाहीत का?" ती हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली न ठेवता सांगायची, "साहेब नाहीत, मी आहे. काय बिघडलंय?" सातारकरांना पुढं सवय झाली आणि विचारणारे कमी झाले. तेव्हा तिलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

कराडच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा, मग एमआयडीसीत टीव्हीचे बोर्ड तपासायची नोकरी, कारखाना बसला तशी टीव्हीची दुरुस्ती आणि तिथून कॉम्प्युटर, असा तिचा प्रवास. पुण्याहून सुटे भाग आणून ती मशीन जुळवायची. लोक त्याला असेंबल्ड म्हणत, आणि म्हणताना नाक जरा मुरडत. तिचे सासरे विष्णुपंत निवृत्त हेडमास्तर. माणूस प्रेमळ, पण सुनेनं दिवसभर सोल्डरच्या धुरात बसावं हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यात त्यांनी एका कॉलेजच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा बघून ठेवली. दुकान तसंही रडतखडत चाललं होतं. फ्लॉपीतले व्हायरस काढून कुणाचं घर चालतं?

"हिंदुरावांचं मशीन चाललं तर दुकान राहील, बाबा. नाही चाललं तर शटर ओढते आणि कॉलेजात जाते," शरयू म्हणाली. बोलून गेली खरी, आणि बोललेलं गिळायची तिला सवय नव्हती.

हे हिंदुराव उंब्रजचे. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. शूटिंग झालं की टेपा घेऊन मिक्सिंगला, म्हणजे काटछाट करून कॅसेट बनवायला, पुणं गाठायचं आणि तिथं नंबर लावून बसायचं. तोवर नवरी पहिल्या माहेरपणाला येऊन परतही जायची, कॅसेटचा पत्ता नसायचा. मग मुलीचा बाप हिंदुरावांना बाजारात गाठून चार लोकांत झाडायचा. असल्या कामाची तयार मशीन मुंबईत मिळत, पण ती त्यांच्या आवाक्यातली नव्हती. शरयू म्हणाली, मी जुळवून देते. दिवाळीनंतर, लगीनसराईच्या तोंडावर, सांगलीत व्हिडिओवाल्यांचा मेळावा भरणार होता. तिथं सगळ्यांसमोर मशीन चालवून दाखवायचं, असं हिंदुराव परस्पर जाहीर करून बसले.

लग्नाचं चित्र कॉम्प्युटरात घ्यायचं म्हणजे माहितीचा लोंढाच येतो. एका हार्ड डिस्कला तो झेपत नाही. म्हणून शरयूनं दोन डिस्क जोडीनं लावल्या, निम्मं चित्र हिच्यावर आणि निम्मं तिच्यावर. पंगतीत एकाऐवजी दोन वाढपी उतरले की ताटं भराभर वाढून होतात, तसंच. शिवाय नवा बोर्ड आणि रॅम शंभर मेगाहर्ट्झच्या वेगाची घेतली. आजवर तिनं जुळवलेली सगळी मशीन सहासष्टवर चालणारी होती. शंभरचं हे तिचं पहिलंच.

जुळणी उंब्रजला, हिंदुरावांच्या स्टुडिओतच झाली. त्यांची आई आक्काताई हळदकुंकवाचं ताट घेऊन आधीच येऊन बसली होती. त्या घराची एक रीत होती. नवं काही घेतलं की त्यात जुन्यातलं थोडं घालायचं. नव्या नांगराला जुन्या नांगराचा एक खिळा, नव्या जीपला जुन्या मोटारसायकलचा आरसा. तो आरसा जीपमधून फक्त आभाळ दाखवायचा, पण काढायची कुणाची छाती नव्हती.

"ह्येच्यात बी जुन्यातलं काय तरी घाल, पोरी," आक्काताई म्हणाली. "त्या डबड्यानं आमास्नी लय दिलंय."

डबडं म्हणजे लग्नाच्या कॅसेटवर नावं टाकायचा हिंदुरावांचा जुना कॉम्प्युटर. शरयूनं तो उघडून त्यातली रॅमची पट्टी काढली आणि नव्या दोन पट्ट्यांच्या शेजारी बसवली. खाच तीच होती, पट्टी चटकन बसली. म्हातारीचा शब्दही राहिला आणि फुकटात रॅमही वाढली, म्हणून शरयू खूश. आक्काताईनं पट्टीच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं लग्न मशीनमध्ये घेतलं, आणि नवरीच्या गालावर हिरवे चौकोन उमटले.

"ताई, हळद लागल्याली लय बघितली," हिंदुराव म्हणाले, "पर ही हिरवी कुठली?"

शरयूनं वेग शंभरवरून सहासष्टवर आणला. चौकोन गेले, पण चित्र अडखळायला लागलं. चांगला धडधाकट नवरदेव मांडवात लंगडत यायला लागला. परत शंभर केला की चाल झकास, पण पुन्हा हिरवळ. एक दुखणं काढावं तर दुसरं उभं.

तिचा सगळा राग त्या डिस्कच्या जोडीवर. जोडी तिनं पहिल्यांदाच लावली होती ना, मग खोट तिथंच असणार, असं तिनं मनाशी पक्कं करून टाकलं. केबल बदलली. केबलच्या टोकाला लावायचं बूच बदललं. जोडी मोडून पुन्हा नव्यानं बांधली, एकट्या डिस्कवर घेऊन बघायचं मात्र सुचलं नाही. रोज सकाळच्या एसटीनं उंब्रजला यायचं आणि संध्याकाळी तोंड पाडून साताऱ्याला जायचं. सांगलीचे लालासाहेब, मोठे स्टुडिओवाले, त्यांनी हिंदुरावांना फोनवर ऐकवलं, "असेंबल्डवर मिक्सिंग हुतंय व्हय गड्या? आमास्नी हसायला तरी बोलवू नगंस." घरी विष्णुपंत काहीच विचारत नव्हते, आणि तेच तिला जास्त लागत होतं.

मेळावा आठवड्यावर आला. त्या दुपारी करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून शरयू टेपेचा तोच तुकडा मशीनमध्ये परत परत घेत नुसती बघत बसली. आक्काताई चहा घेऊन आली आणि तीही शेजारी टेकली. एकदा चौकोन नवरीच्या गालावर आला. दुसऱ्यांदा भटजींच्या शेंडीवर. तिसऱ्यांदा मामाच्या फेट्यात.

"मगाशी तर नवरीला हुता की," आक्काताई म्हणाली. "ह्यो मांडवभर हिंडतोय का काय?"

शरयूचा कप तोंडाशीच राहिला. खरंच की. तुकडा तोच आणि डाग मात्र दर खेपेला नव्या जागी. डिस्कवर कुठं खराबी असती तर तो असा मोकाट हिंडला नसता. तिनं जोडी सोडवली आणि एकट्या डिस्कवर तोच तुकडा घेतला. चित्र लंगडलं, पण हिरवे चौकोन तरीही आलेच. म्हणजे बिचाऱ्या डिस्क निर्दोष. मग चित्र डिस्कवर पोचायच्या आधी कुठून जातं? रॅममधून.

तिनं पट्ट्या उपसल्या आणि उजेडात धरल्या. दोन नव्या, शंभरच्या. तिसरीच्या कडेला कुंकू, आणि चिपवरचे बारीक आकडे सरळ सांगत होते की ही सहासष्टची आहे. तिला शंभरानं पळवली की धाप लागायची आणि हातातलं जे सांडायचं ते हिरवं होऊन दिसायचं. शरयूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या हातानं बसवली होती. सहासष्टच्या मशीनमध्ये कुठलीही पट्टी कुठंही चालते, त्या सवयीनं आकडे बघितलेसुद्धा नव्हते. आणि शकुनाची म्हणून तिच्यावर संशयही घेतला नव्हता.

आता हे आक्काताईला कसं सांगायचं? तिनं सरळ सांगितलं. "आक्का, ही पट्टी जुनी आहे. हिला नव्यांच्या बरोबरीनं पळता येत नाही. हिच्यामुळं सगळं बिघडतंय."

आक्काताईनं पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"मग काढ की तिला," ती म्हणाली. "म्हातारीला शर्यतीत पळवत्यात व्हय? तिला बसायला जागा द्यायची." आणि पट्टी पदराला पुसून ती देव्हाऱ्यात ठेवून आली.

शरयूनं डिस्कची जोडी पुन्हा बांधली, वेग शंभरवर ठेवला आणि अख्खं लग्न आत घेतलं. हळदीपासून वरातीपर्यंत सगळं नितळ. नवरदेव ताठ चालत मांडवात आला. हिंदुराव खुर्चीवरून उठले आणि उंब्रजच्या चौकातून भजी घेऊन आले.

सांगलीला मशीन जीपमधून गेलं, गोधडीत गुंडाळून, आक्काताईच्या मांडीशी. हॉलमध्ये सातारा, वडूज, मिरज, कुठकुठले व्हिडिओवाले जमले होते, आणि निम्मे तरी फजिती बघायला आले होते. हिंदुरावांनी लग्न चालवून दाखवलं. पण ते घरून करून आणलेलं, म्हणून कुणाला पटेना. मग लालासाहेबांनी खिशातून स्वतःची टेप काढली.

"ही घे. बँड, फटाकडी, नाचणारी पोरं. ही वरात हितं बसल्या जागी घिऊन दाव."

शरयूनं टेप मशीनमध्ये घेतली आणि चालवली. पडद्यावर फटाके फुटले, गुलाल उडाला, पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून नाचली. हॉल श्वास धरून हिरव्या डागाची, अडखळणाऱ्या पायाची वाट बघत राहिला. वरात दारात पोचली, नवरीनं माप ओलांडलं. एकही ठिपका नाही, एकही ठेच नाही. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग हॉलच उठला. शरयूची छाती अभिमानानं भरून आली, आणि तो लपवायचा तिनं जराही प्रयत्न केला नाही.

लालासाहेब हिंदुरावांकडं वळले. "कुणी बांधलं रं ह्ये? मुंबईचा माणूस हाय?"

"साताऱ्याची हाय," हिंदुराव म्हणाले. "तुमच्या म्होरंच उभी हाय."

लालासाहेबांनी तिच्याकडं नीट बघितलं. "ताई, आमचं कवा बांधताय?"

"उंब्रज झालं, आत्ताच वडूजवाल्यांनी विचारलंय," शरयू म्हणाली. "त्यांच्यानंतर तुमचा नंबर."

हॉलसमोर एसटीडी बूथ होता. तिथून तिनं घरी फोन लावला. विष्णुपंतांनी उचलला.

"बाबा, मशीन चाललं. कॉलेजात सांगा, त्या जागेवर दुसरं कुणीतरी बघा म्हणून."

"ते मी गेल्या आठवड्यातच सांगून आलो," विष्णुपंत म्हणाले. "त्या दिवशी उंब्रजहून आलीस आणि जेवताना गुणगुणत होतीस. तेव्हाच मला कळलं."

शरयूनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. बूथवाल्याला वाटलं लाइन तुटली, म्हणून त्यानं काचेवर टकटक केलं.