इंटरवलपर्यंतचा सयाजी

कसबा बावड्यात कुणाला नवा सिनेमा बघायचा असला, की तो आधी सयाजीला गाठायचा. सयाजी काही सिनेमाच्या धंद्यातला नव्हता. त्याचा धंदा म्हशीचा. रोज संध्याकाळी तो आपली चंद्री चौकातल्या दूध कट्ट्यावर आणून बांधायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायचा आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा. शुक्रवारी मात्र कट्ट्यावर जरा जास्तच गर्दी व्हायची. निम्मी माणसं दुधासाठी यायची आणि निम्मी निकालासाठी, कारण त्या दिवशी लागलेला सिनेमा सयाजी दुपारीच बघून आलेला असायचा.

निकालाचे तीन प्रकार होते. ‘तिकिटाचा’ म्हणजे थेटरात जाऊन बघा. ‘भाड्याचा’ म्हणजे दम धरा, मोबाईलवर भाड्यानं मिळेल तेव्हा बघा. आणि ‘फुकटचा’ म्हणजे टीव्हीवर लागला तरी उठून दुसरं काही लावा. पूर्वी चौकात सीडी भाड्यानं देणारं दुकान होतं, तेव्हाही दुकानदारापेक्षा सयाजीचाच शब्द चालायचा. दुकान गेलं, सयाजी राहिला. “मारामारी झकास, गाणी बेकार, हिरोईन उगंच घेतलीया,” एवढं त्यानं चरवीत बघत बघत म्हटलं, की माणसं ठरवून मोकळी व्हायची. निवृत्त मास्तर गणपतराव तर सयाजीनं होकार दिल्याशिवाय घरात टीव्हीसुद्धा लावत नाहीत, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. सयाजीला ती चेष्टा फार आवडायची.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. सयाजीनं गेल्या कित्येक वर्षांत एकही सिनेमा पुरता बघितला नव्हता. तीनच्या खेळाला तो बसायचा आणि इंटरवल झाला की उठायचा, कारण चंद्रीची वेळ झालेली असायची. आणि चंद्री दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही, हे त्यानं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. उठून येण्याची त्याला लाजही नव्हती. उलट तो छाती काढून म्हणायचा, “निम्म्यापातूर ज्याला पकड घेता आली न्हाय, त्यो फुडं काय दिवं लावणार?” ऐकणाऱ्यांना पटायचं. गावात इंटरवलपर्यंतच्या सिनेमावर सगळ्या सिनेमाचा निकाल लागत होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

मग बाळासो आला. कबनूरला त्याचे कापडाचे माग होते. ते विकून, बायको गेल्यानंतर, तो बावड्यात बहिणीजवळ राहायला आला आणि त्यानं कट्ट्याला लागूनच इस्त्रीचं दुकान टाकलं. माणूस कमी बोलणारा. सोमवारी दुकान बंद ठेवून सिनेमाला जायचा आणि पडद्यावरची नावं संपून झाडूवाला आत आला, की मगच उठायचा. त्याला कुणी विचारलं तर म्हणायचा, “मला तरी आवडला. एका ठिकाणी तर लईच. पर तुमाला आवडंल का न्हाय, ते मी कसं सांगू? बघून या, मग बोलू की.”

ही काय मत सांगायची तऱ्हा झाली? सयाजीला पहिल्यांदा हसू आलं. पण माणसं खरंच बघून यायची आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून बाळासोशी बोलत बसायची. सयाजीचा निकाल ऐकायला मिनिट लागायचं, बाळासोकडं अर्धा-अर्धा तास जायचा. एका शुक्रवारी गणपतरावांनी निकाल ऐकला, दूध प्यायलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, “बरं, सोमवारी बाळासो काय म्हणतोय ते बघू आणि मग ठरवू.” सयाजीच्या पोटात जे दुखायला लागलं, ते त्या दिवसापासून. इस्त्रीचा वास आला तरी त्याचं डोकं फिरायचं. बाळासोच्या दुकानात माणूस दिसला की तो हाळी द्यायचा, “पावणं, दूध गार व्हाय लागलंय!” ताज्या धारेचं दूध गार कसं होणार, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळत होतं.

तरी हे सगळं त्यानं पचवलं असतं. पचेना ते पुढचं.

त्या महिन्यात एक सिनेमा आला. नवरा-बायकोची गोष्ट होती, त्यात ना मारामारी ना नाचगाणी. सयाजी इंटरवलला जांभया देत बाहेर पडला आणि कट्ट्यावर निकाल दिला, “भाड्याचा. बाई च्या करती, बाप्या च्या पितोय. आपल्या घरात काय दुसरं चालतंय?” माणसं हसली. सोमवारी बाळासो तोच सिनेमा बघून आला आणि त्यानं दोन-चार जणांना सांगितलं, “बायकांस्नी घिऊन जावा.” झालं. गल्लीतल्या बायकांनी रिक्षा ठरवली. आणि त्या रिक्षात सयाजीची बायको संयोगिता बसली.

संयोगिता सयाजीला विचारल्याशिवाय कधी सिनेमाला गेली नव्हती. लग्न नवं होतं तेव्हा दोघं मिळून जायचे. पुढं म्हैस आली, पोरं आली, आणि सयाजी एकटाच जायला लागला. तिनं कधी विषय काढलाच तर तो म्हणायचा, “भाड्याचा हाय गं, घरात दावतो की मोबाईलवर.” मग कधी तरी भाकऱ्या थापताना ती पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलवर तो बघायची. कसा वाटला, हे तिला विचारायची गरज सयाजीला वाटली नव्हती. निकाल लागलेलाच असायचा.

ती परत आली ती तडक भाकरीला बसली. जेवताना सयाजीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “इंटरवलच्या फुडं काय झालं मग?”

“सांगून कळायचं न्हाय ते.”

“मला कळायचं न्हाय?” त्याचा आवाज चढला. “आख्ख्या गावाला मी सांगतोय, आनि मला कळायचं न्हाय?”

“तुमी गिऱ्हाइकाला काय सांगता? शेवटची धार घट्ट असती, जरा थांबा म्हणून सांगता न्हवं? आनि सोता मात्र पैल्या धारंवर उठून येता.” एवढं बोलून तिनं ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चरवी धुऊन द्यायला कट्ट्यावर आली होती. बाळासो दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं विचारलं, “वैनी, बघितलासा म्हणं. कसा वाटला?” संयोगिता म्हणाली, “भावजी, ती दारात थांबती न्हवं शेवटाला... तिथं.” बाळासो म्हणाला, “व्हय. तिथंच.” आणि तो इस्त्रीकडं वळला.

सयाजी चंद्रीच्या पोटाखाली बसला होता. त्याचे हात थांबले. सिनेमातली ती बाई कुठल्या दारात थांबते, का थांबते, पुढं काय होतं, यातलं त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. त्याच्या बायकोला माहीत होतं आणि इस्त्रीवाल्याला माहीत होतं. दोघं हसली असती, गप्पा मारत बसली असती तरी इतकं लागलं नसतं. पण दोन शब्दांत दोघांचं भागलं, हे त्याच्या काळजात घुसलं. आपल्या बायकोशी आपलं असं शेवटचं कधी भागलं होतं, ते त्याला आठवेना. त्या रात्री त्याला बाळासोचा राग आला, संयोगिताचा आला, आणि सिनेमा काढणाऱ्याचाही आला.

गुरुवारी सिनेमाचा शेवटचा दिवस होता. कुणाला न सांगता सयाजी तीनच्या खेळाला जाऊन बसला. चोराला पकडायला निघाल्यासारखा बसला होता. इंटरवल झाला. सवयीनं पाय उठले, दारापर्यंत गेले. चंद्री दावणीला रेकत असणार, कट्ट्यावर माणसं खोळंबणार, हे दिसत होतं. तरी तो वळला आणि पुन्हा खुर्चीत बसला.

पुढच्या भागात फार काही घडलं नाही. ती बाई रोज काही तरी सांगायला नवऱ्याजवळ यायची आणि तिनं तोंड उघडायच्या आधी नवरा तिला उत्तर देऊन टाकायचा. नवरा वाईट नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता. त्याला फक्त सगळं आधीच ठाऊक असायचं. शेवटी बाई माहेरी निघते, पिशवी घेऊन दारात थांबते आणि वाट बघते. तो पेपर वाचत सांगतो, “पाचची गाडी रिकामी असते.” सयाजीच्या शेजारच्या खुर्चीतली कोण कुठली म्हातारी पदर डोळ्यांना लावून बसली होती. सयाजीनं पडद्यावरच्या त्या बाप्याला मनातल्या मनात शिवी दिली आणि मग त्याला स्वतःचंच ‘भाड्याचा हाय गं’ आठवलं.

नावं संपेपर्यंत तो बसून राहिला. बाहेर आला तेव्हा कट्ट्याची वेळ टळून गेली होती. गाडी पळवत तो चौकात पोचला आणि जागीच थांबला.

चंद्री कट्ट्यावर होती. तिच्या पोटाखाली संयोगिता बसली होती आणि चरवीत धार वाजत होती. चंद्रीनं, कुणाच्या हाताला म्हणून पान्हा न सोडणाऱ्या चंद्रीनं, मान खाली घालून रवंथ चालवला होता. आणि तिचं दावं धरून उभा होता बाळासो. गणपतराव रिकामा ग्लास घेऊन ताटकळले होते. आपल्यावाचून काहीच अडलं नाही, बायकोचं नाही, गिऱ्हाइकाचं नाही, म्हशीचंसुद्धा नाही, हे बघून सयाजी आतून करपला. बाळासोच्या हातातलं दावं हिसकून घ्यावं, असं त्याला वाटलं.

“आलास व्हय?” गणपतराव म्हणाले. “थेटरात शिरताना बघितलं म्हणं कुणी तरी तुला, त्याच पिच्चरला दुसऱ्यांदा. बाळासो म्हणतोय तिकिटाचा, तू म्हणतोस भाड्याचा. आता एकदा कायमचं सांग.”

सगळे सयाजीकडं बघायला लागले. बाळासोही बघत होता, पण त्याच्या नजरेत कुरघोडी नव्हती, आणि त्याचंच सयाजीला जास्त लागलं. निकाल त्याच्या जिभेवर तयार होता. इतकी वर्षं तो कधी चुकला नव्हता. तो बोलायला गेला आणि त्याची नजर संयोगिताच्या पाठीवर पडली. ती धार काढतच होती. नवरा काय सांगणार याची तिला काहीच उत्सुकता नव्हती.

सयाजी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. “संयोगिता,” तो म्हणाला. पोरं झाल्यापासून त्यानं तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. “तुला कसा वाटला?”

धार थांबली. बाळासोनं मान फिरवून रस्त्याकडं बघितलं. संयोगितानं पदरानं कपाळ पुसलं आणि सयाजीच्या तोंडाकडं निरखून बघितलं. चेष्टा चाललीय का खरं, ते तिला ठरवायचं होतं.

“खरंच इचारताय?”

“व्हय.”

“मग हितं न्हाय, घरात सांगते,” ती म्हणाली. “येळ लागंल.”

सयाजी उठला आणि बाळासोच्या हातातलं दावं त्यानं आपल्या हातात घेतलं.