जावई कायमचे कुठले?

एक धास्ती माझ्या मनातून जात नाही: माझी लेक भिडेपोटी आपलं दुकान घालवून बसणार.

दुकान परदेशात, जुन्या सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवून द्यायचं. वर राहायच्या दोन खोल्या. जागा भाड्याची, धंदा जावयांच्या नावावर. जावई स्प्रिंगा बांधायचे, ती कापड बेतायची. मूलबाळ नाही. ओठांत टाचण्या धरून बोलायची तिला खोड आहे. फोनवरही तशीच बोलते आणि इकडे माझा जीव टांगणीला, आज गिळतेय एखादी.

जावई गेले ते तिथेच, मृत्युपत्र न करता. वकील म्हणतात, माणूस कायमचा जिथला, तिथल्या कायद्याने वाटणी. ते तिथले ठरले तर दुकान बायकोचं. इथले ठरले तर अर्धा वाटा त्यांच्या आईचा, म्हणजे माझ्या विहीणबाईंचा. तो द्यायचा तर दुकान विकावं लागेल.

लेकीचा दीर मला म्हणाला, "दादा तिथे पाहुणाच होता. दरवेळी म्हणायचा, पुढच्या वर्षी कायमचा येतो. काकू, तुम्हीही ऐकलंयत."

ऐकलंय ना. पण इथे आले की चार दिवसांत त्यांचे हात शिवशिवायचे. एकदा आमचाच सोफा उसवून पुन्हा शिवला, तेव्हा कुठे माणूस धड जेवला. आणि तिथे गिऱ्हाइकांना दहा-दहा वर्षांची हमी लिहून द्यायचे. पुढच्या वर्षी गाशा गुंडाळणारा अशी हमी देईल का?

लेकीला म्हटलं, "हे वकिलाला सांग की."

"सांगितलं तर ते लेखी कोर्टात जाणार, आणि त्याची प्रत सासूबाईंना."

"जाऊ दे की प्रत."

"आई, त्या अजून ह्यांच्या खोलीत कुणाला झोपू देत नाहीत. त्यांना काय लिहून कळवू, तुमचा मुलगा परत येणारच नव्हता?"

"आणि दुकान?"

"खुर्च्या काय, कुठेही शिवता येतात."

"मोठी कर्णाची बहीण लागून गेलीस."

"तुझीच मुलगी," ती म्हणाली. टाचण्यांतून हसलीसुद्धा.

फोन ठेवल्यावर वाटलं, यात विहीणबाईंना कुणी काही विचारलंच नाही. दीर त्यांच्या नावाने भांडतो, लेक त्यांच्यासाठी गप्प बसते. माझीही लेक दूरच राहते. कायमची येते म्हणाली की मी ये म्हणते, आणि किती खरं मानायचं ते माझं मला कळतं. त्यांना कळलं नसेल? नसेलही, कोण जाणे. नसेल तर निदान माझ्या तोंडून कळू दे. मला शिव्या दिल्या तरी चालतील. सुनेशी त्यांचं बोलणं तुटायला नको.

सकाळी दीर कामावर गेला की त्या घरी एकट्याच असतात. उद्या तेव्हाच फोन लावते. लेकीला आधी सांगणार नाही.