उदाहरणादाखल लेक

बाईंचा इंग्रजीचा क्लास बंद पडला, पण शिकवायची खोड काही जाईना. मग त्यांनी स्वयंपाकघरातच शाळा मांडली. साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवायचा आणि रोज एक फ्रेजल व्हर्ब शिकवायचं. लोक सोशल मीडियावर उठताबसता फेकतात ना, तसलं: गिव्ह अप, हँग आउट, मूव्ह ऑन. विद्यार्थ्यांनी व्हिडिओखाली आपापलं वाक्य लिहायचं, बाईंनी ते तपासायचं, जमलं असेल तर लाल बदाम द्यायचा.

उदाहरण मात्र खरं हवं, हा बाईंचा हट्ट. "खोटं वाक्य डोक्यात राहत नाही," म्हणायच्या. नवऱ्याचं घोरणं, शेजारणीचा चिक्कूपणा, सगळं वापरून संपलं. घरात उदाहरणांचा दुष्काळ पडला आणि नेमकं तेव्हाच लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं.

लेक आतल्या खोलीत दार लावून पडली होती. बाहेर बाई हसतमुखाने 'ब्रेक अप' शिकवत होत्या. नाव घेतलं नाही म्हणे! 'माझी मुलगी' म्हटल्यावर नाव कशाला लागतंय?

वाक्यांची झुंबड उडाली. लेकीचं वय, लेकीचं रूप, ज्याला जे सुचेल ते. एकाने लिहिलं, अशी मुलगी गळ्यात पडण्याआधीच बिचारा सुटला. बाईंनी चष्मा लावला, त्याचं क्रियापद सुधारलं, "छान प्रयत्न" लिहिलं आणि बदाम दिला. जन्मभर वह्या तपासल्या की माणसाचं असं होतं. कीव येते, आणि रागही येतो.

लेक बाहेर आली. तिने मोबाइल आईसमोर धरला.

"आई, हे वाचलंस तू?"

"तपासलं की."

"तपासलंस गं. वाचलंस का?"

तेव्हा कुठे बाईंनी वाचलं. "काढते, आत्ता काढते," म्हणत त्यांनी व्हिडिओ काढून टाकला खरा, पण एव्हाना तो लेकीच्या ऑफिसात पोचला होता आणि लग्न मोडलेल्या त्या घरीही.

लेक मावशीकडे राहायला गेली. आईशी बोलते, नाही असं नाही. गोळ्या घेतल्यास का, गॅस आला का, सगळं विचारते. बाईंनी मात्र "तू कशी आहेस गं?" म्हटलं की पलीकडून उलट प्रश्नच येतो.

लेक शांतपणे विचारते, "कशाला हवंय तुला?"