किती सामान उघडायचं

इथं आखातात, महबूल्यातल्या फ्लॅटची किल्ली मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा नळ मोजले. फौजेत क्वार्टर ताब्यात घेताना असंच करतात. स्टोअरचा माणूस पुढे, आपण मागे. बल्ब, नळ, पंख्याचे रेग्युलेटर, खिडक्यांच्या काचा, कड्या. मोडकं असेल ते तेव्हाच दाखवायचं, नाहीतर सोडताना आपल्या माथी येतं. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, इजिप्तचा होता. त्याला मी बाथरूमच्या आरशाचा तडा दाखवला, स्वयंपाकघरातली न लागणारी कडी दाखवली, मग बेसिनखाली वाकून गळणारा पाइप दाखवला.

"बाबा, तुम पुलिस?" त्यानं विचारलं.

"फौज. रिटायर."

"हिंदी फौज?" तो हसला. "इसलिए इतना मुश्किल."

मी पण हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. फौजेत माझं काम गाड्या दुरुस्तीचं. पेन्शन सुरू झाल्यावर काही महिने घरी बसलो आणि इकडे आलो. वाळवंटात एका परक्या फौजेचा तळ आहे, तिथं एका कंत्राटदार कंपनीकडे गाड्यांच्या शेडचा सुपरवायझर म्हणून लागलो. अंगावर गणवेश नाही, पण गेटवर झडती, छातीवर पास, वेळेवर हजेरी, सगळं तेच. माझ्या आयुष्यात फक्त फौज बदलली. दुपारी शेडचा पत्रा असा तापतो की पाना हातात घेण्याआधी कपड्यात गुंडाळावा लागतो. संध्याकाळी बस महबूल्यात सोडते. फ्लॅट घेईपर्यंत तिथं चौघांत एक खोली होती, त्यातला एक नांदेडचा, माझ्याच शेडमधला मेकॅनिक.

बायको सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली. त्यात आम्ही एका छपराखाली राहिलो ते माझ्या सुट्ट्यांत, आणि फॅमिली क्वार्टर मिळालं त्या दोन पोस्टिंगांत. तेव्हा ती बिनपगारी रजा घेऊन आली होती. दोन्ही वेळा रजा संपली आणि ती परत गेली. "शाळा आहे," असं म्हणून. मी कधी काही बोललो नाही. मी फारसं बोलतच नाही.

इथं फॅमिली व्हिसा बराच काळ बंद होता. तो उघडला, माझा पगार त्यात बसला, आणि कंपनीनं कागद करून दिले. मग तिकडे तयारी सुरू झाली. ती लग्नाच्या दाखल्यावर शिक्के घ्यायला मुंबईला जाऊन आली, मुलीच्या जन्मदाखल्यासाठी पुन्हा एकदा गेली, वैद्यकीय तपासणीला दोघी गेल्या. मुलगी आठवीत. परीक्षा झाली की नववीला इथल्या भारतीय शाळेत. आणि बायकोनं ठरवलं, या वेळी रजा नाही. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा. एकदा मंजूर झाला की झाला. ती नोकरी परत मिळत नाही.

शुक्रवारी मला सुट्टी. दुपारी जेवून आम्ही व्हिडिओवर बोलायचो. ती वजनकाटा समोर ठेवून बसलेली असायची.

"पोळपाट आणू का?"

"आण. इथले हलके असतात, सरकतात."

"कांदा-लसूण मसाला?"

"आण, पण त्यात खसखस नको. सुटी खसखस तर मुळीच नको. इथं विमानतळावर धरतात."

"खसखशीला?"

"अफूचं बी म्हणतात ते. आत टाकतात सरळ."

"अगं बाई. मी अनारसे करून आणणार होते." ती मागे वळून मुलीला म्हणाली, "ऐकलंस का? तुझ्या पप्पांच्या देशात अनारशाला तुरुंग आहे."

"मग आईलाच पाठवूया आधी," मुलगी आतून ओरडली. "ती तुरुंगात पण वर्ग भरवेल."

त्या दिवशी मी खसखशीबद्दल तपशीलवार सांगितलं. कुठल्या मसाल्याच्या पाकिटात असते, पाकिटावर काय वाचायचं, सगळं. आणि जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही.

कारण त्याच आठवड्यात तळावर आम्हाला सकाळी शेडसमोर उभं करून सांगितलं होतं की या फौजेच्या बऱ्याच गाड्या इथून हलवायच्या आहेत. निम्म्या शेड बंद होणार. आमच्या कंपनीचं कंत्राट या वर्षाअखेर संपतंय, पुढचं कुणाला मिळेल माहीत नाही, आणि ज्याला मिळेल तो आमच्यातल्या कुणाला ठेवेल तेही माहीत नाही. सांगणारा माणूस भला होता. त्यानं प्रश्न विचारायला सांगितलं. कुणी विचारला नाही. सगळे पाने उचलून कामाला लागले.

बसमध्ये नांदेडवाला म्हणाला, "घरी बोललाव का सुभेदार?"

"बोलतो."

"फ्लॅट घेतलाव, पलंग घेतलाव. बोलतो म्हणे."

पुढच्या शुक्रवारी त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा बोलतो म्हणालो. मग त्यानं विचारायचं सोडलं, आणि ते मला जास्त लागलं.

फौजेत पहाऱ्यावरच्या जवानाला एक सवय लागते. अधिकारी फेरीवर आला की कडक सलाम आणि "सब ठीक है, साहब". मागे तारेचं कुंपण तुटलेलं असलं, पायात बूट चावत असला, घरून तार आलेली असली तरी आधी तेच. सब ठीक. मी ते बायकोशी इतकी वर्षं बोललो. डोंगरावर होतो तेव्हा बोललो, पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा बोललो. फोन ठेवताना ती विचारायची, "सगळं ठीक?" आणि मी म्हणायचो, "सगळं ठीक."

पण या वेळचं गप्प राहणं सवयीचं नव्हतं. इथं मला खरं लिहायचं आहे, म्हणून लिहितो. तिला काळजी लागेल म्हणून मी गप्प राहिलो असं मी नांदेडवाल्याला सांगितलं असतं, आणि त्यानं मान हलवली असती. पण तसं नव्हतं. मला तिचा अर्ज जायला हवा होता. कंत्राट राहो की जावो, तिची शाळा सुटली की मी जिथं असेन तिथं तिला असावं लागेल, असं माझ्या मनात होतं. हा विचार मी कधी पुरता शब्दांत आणला नाही, पण तो होता. बसच्या खिडकीतून ऑइलच्या नळ्या आणि वाळू बघताना तो असायचा. मला शाळेचा राग होता. कंटाळलो होतो मी एकट्यानं जेवायला, दुसऱ्याच्या घोरण्यात झोपायला, सुट्टीवर गेल्यावर स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठं आहे ते विचारायला. पन्नाशीच्या पुढे माणूस असा कंटाळतो की समोरच्याचं काय मोडतंय ते बघायचे कष्ट त्याला नको असतात.

तर मी फ्लॅट लावत राहिलो. फौजेत नवऱ्यानं आधी जाऊन घर उभं करायचं, मग कुटुंब येतं. शुक्रवारच्या जुन्या बाजारातून पलंग आणला, कपाट आणलं, मुलीला टेबल आणलं. पलंगावर चादर अशी ताणून घातली की वर नाणं टाकलं तर उडावं. गळणारा पाइप हारिसकडून बदलून घेतला. तो आता मला लांबून बघूनच हात वर करायचा, "खलास बाबा, सब ओके!"

मग तो शुक्रवार आला. सोमवारी ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज देणार होती. मी फोन हातात धरून दोघींना घर दाखवत फिरलो. स्वयंपाकघर, न्हाणीघर, गॅलरीतून दिसणारी समुद्राची पट्टी.

"पप्पा, थांबा. ते टेबल कुणाचं?"

"तुझं."

"बालवाडीचं आहे का ते? माझे गुडघे कुठं जाणार?"

मी टेबलाकडे पाहिलं. खरंच लहान होतं. घेताना मला ते बरोबर वाटलं होतं. माझ्या डोक्यात मुलगी तेवढीच होती.

"ओरडू नकोस गं, दमलेत ते," बायको म्हणाली. मग तिनं फोन स्वतःकडे वळवला. "कपाट एकच आहे का?"

"दुसरं बघतोय."

"बरं. एक सांगा आता. सगळं सामान उघडायचं ना?"

ज्यांनी क्वार्टरमध्ये संसार केला नाही त्यांना या प्रश्नाचं काही वाटणार नाही. फौजी बायका किती दिवसांची पोस्टिंग असं सहसा विचारत नाहीत, कारण नवऱ्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी सांगता येत नसतं. त्या सामानाचं विचारतात. सगळ्या ट्रंका उघडायच्या की रोजची तेवढीच? नवरा म्हणाला, सगळ्या उघड, की त्या भिंतीला खिळे ठोकतात, पडदे शिवतात, तुळस लावतात. म्हणाला, राहू दे, की ट्रंकांवर चादर टाकून त्याचाच दिवाण करतात. या प्रश्नाला खोटं बोलायचं नाही हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण खोटं बोललेला नवरा मला कधी भेटलेला नाही. दोन्ही पोस्टिंगांत तिनं मला हेच विचारलं होतं आणि मी खरं सांगितलं होतं. एकदा "उघड", एकदा "राहू दे".

मी म्हणालो, "नको उघडूस."

ती हसत होती, ती तशीच थांबली. "म्हणजे?"

मी सांगितलं. गाड्या हलवणार आहेत, निम्म्या शेड बंद, कंत्राट वर्षाअखेर संपतंय. माझा आवाज शेडमध्ये हजेरी घेतो तसा होता.

"कधी कळलं?"

"होळीच्या आसपास."

"होळी." तिनं तो शब्द चाखल्यासारखा उच्चारला. "मी त्यानंतर मुंबईला गेले. दाखल्यासाठी रांगेत उभी राहिले. तुम्ही मला तिथं फोन केला होता. पाणी पी म्हणालात."

"हो."

"आणि खसखस."

तिनं फोन पालथा ठेवला. पडदा काळा झाला, पण ऐकू येत होतं. मुलगी विचारत होती, काय झालं, आई, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, वजनकाटा आत नेऊन ठेव. मग भांड्यांचा आवाज. मी त्या लहान टेबलावरच बसलो होतो. फोन बंद करावा असं वाटत होतं आणि करवत नव्हता.

बऱ्याच वेळानं तिनं फोन उचलला. डोळे कोरडे होते. मला ती रडली असती तर सोपं गेलं असतं.

"अर्ज देत नाही मी," ती म्हणाली. "हिचीही नववी इथंच. मे महिन्यात येऊ आम्ही दोघी, तिकिटं काढलीच आहेत तर. शाळा सुरू व्हायच्या आत परत."

"बरं."

"बरं काय? भांडा तरी जरा."

"काय भांडू?"

"तेच तर." ती थकून हसली. "मी वर्गात पोरांना विचारते, खिडकी कुणी फोडली? फोडणारा पोरगा कधीतरी बोलतोच. तुमच्याइतका गप्प पोरगा मला एवढ्या वर्षांत मिळाला नाही."

तेव्हा मी तिला दुसरंही सांगितलं. शेडचं सांगण्यापेक्षा ते कठीण गेलं. म्हणालो, अगं, मला तुझी नोकरी जायलाच हवी होती. कंत्राटाचं मी लपवलं ते त्यासाठी. एवढंच म्हणालो, आणि तेही अडखळत.

ती माझ्याकडे बघत राहिली. फोनवर माणूस नेमका कुठं बघतो ते कळत नाही. मागे मुलगी दारात उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं असणार.

"हे असं फोनवर नका सांगू," बायको म्हणाली. "समोर बसून सांगा."

दोघी मे महिन्यात आल्या. समुद्रावर गेलो, मॉलमध्ये फिरलो, मुलीला दुसरं टेबल घेतलं नाही कारण गरज नव्हती. रोज संध्याकाळी बायको माझ्यासमोर चहा घेऊन बसायची आणि थांबायची. मला कळत होतं ती कशासाठी थांबली आहे. पहिल्या काही दिवसांत मी हवामानाचं बोललो. मग एकदा मी सुरुवात केली आणि तिनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माझं झाल्यावर ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला एकटं राहायची सवय आहे. तुम्ही कधी ये म्हणालाच नाहीत. नुसतं क्वार्टर मिळालंय, असं सांगायचात."

मी म्हणालो, "आता म्हणतो."

"आता शाळा आहे," ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली. रागानं नाही. तिला खरंच दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

त्या गेल्या. वर्षाअखेरचं कंत्राट अजून लोंबकळतंय. नांदेडवाल्यानं नव्या कंपनीकडे अर्ज टाकलाय, मला पण टाका म्हणतो. मी टाकलेला नाही. घरी जावं असं वाटतं आणि घरी जाऊन मी काय करणार असंही वाटतं. सकाळी ती वर्गावर जाईल, मुलगी शाळेत, आणि मी साखरेचा डबा शोधत बसेन. हे तिला या शुक्रवारी सांगितलं, जसंच्या तसं. ती ऐकत होती. म्हणाली, "डबा ओट्याच्या वर, डावीकडे. या."