चौलला गाडी उंच करायला

ठाण्याहून निघताना मी नवऱ्याला, मधुकरला, बजावलं होतं, "डावीकडे पूर्ण वळावं लागेल असा रस्ता सांगू नकोस."

कारण असं, की आमच्या जुन्या जीपला त्यानं हौसेनं मोठे टायर बसवून घेतले होते. दिसायला झकास, पण स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं की टायर मडगार्डला घासायचा आणि म्हैस हंबरल्यासारखा आवाज यायचा. इलाज एकच, स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून गाडी उंच करून घ्यायची. पण किती उंच? मला दोन इंच पुरे होते. गाडी मी चालवते. फार उंच गाडी वळणावर कलते. मधुकर गाडी चालवत नाही, पण त्याला चार इंच हवेच होते. तो अंगानं बुटका. ट्रकवाल्याच्या नजरेला नजर भिडवून बघायची त्याची फार इच्छा.

पेण, वडखळ, अलिबाग बिनघोर पार पडलं. नागावला घोटाळा झाला. आमच्या मुक्कामाचं फाटक नेमकं डाव्या हाताला. दोन्ही बाजूंना वाड्यांचे (नारळी-पोफळीच्या बागांचे) दगडी गडगे, मधून जेमतेम गाडीपुरता रस्ता. मी फाटक सोडून पुढे गेले आणि उजवीकडे, उजवीकडे वळत सगळ्या आळीला वळसा घातला, तरी फाटक पुन्हा डावीकडेच. ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसलेल्या एका बाईंसमोरून आम्ही तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"काय हरवलंय का वो?"

"नाही, डावीकडे वळायचंय."

"मंग वळा की!"

शेवटी गाडी त्यांच्याच अंगणात लावली. त्यांनी नारळाच्या गोड रसाबरोबर घावन खायला घातलं, आणि आमच्यासारखी माणसं गाडी चालवतात कशी, हे शेजारणीला हाक मारून विचारलं.

दुसऱ्या दिवशी चौलच्या गॅरेजात पोचलो. मालक दत्ताराम हसतमुख माणूस, पण दोष एकच. समोरच्याचं मन मोडवत नाही.

"दोन इंच घ्या," तो मला म्हणाला. "टायर घासनार न्हाय, गाडी जमिनीला धरून राहील."

मधुकरचा चेहरा पडला.

"चार घ्या," तो लगेच मधुकरला म्हणाला. "चिखल-पानी काय बी असू दे. जरा डुलते, एवढंच."

तासभर आमचं तेच चाललं. मी शांतपणे ओरडत होते, मधुकर ओरडून शांतता मागत होता. शेवटी दत्तारामनं चार इंच उंच केलेली स्वतःची जीप दाखवली. "ही चालवून बघा, मंग ठरवा."

एवढ्यात हळदीनं माखलेली एक बाई रिक्षातून उतरली. "दत्ता, तुजी उंच गाडी दे! भरतीचं पानी वाटेवर चढलंय, नवरदेव अडकलाय. मुहूर्त टळंल!"

ती नवरदेवाची आत्या. नवरीचं गाव खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खारवट जमिनीच्या) पलीकडे होतं आणि नवरदेवाची सजवलेली मोटार पाण्याच्या कडेला थांबली होती.

दत्तारामनं ऑइलनं काळे झालेले हात दाखवले. "मी असा कुठं नवरदेवाच्या शेजारी बसू? ह्या ताई चालवतील."

मला कुणी विचारलंच नाही. पाच मिनिटांत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव माझ्या शेजारी होता आणि मागे आत्या, तिच्या मांडीवर पूजेचं ताट, ताटातला नारळ पकडून मधुकर. पुढे गुडघाभर पाण्यात एक काका काठी टेकत वाट दाखवत होते. दोन्हीकडे तिवरांची झुडपं बुडालेली, त्यांच्या शेंड्यांवर बगळे. गाडी डुलायची तशी आत्या देवाचं नाव घ्यायची.

"पोरगा लग्नाला चाललाय का मासेमारीला?" आत्या ओरडली.

नवरदेव हळूच म्हणाला, "ताई, मला पोहता येत नाही."

 खरं सांगते, आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

पलीकडे पोचलो. मंडपाच्या कमानीपाशी गाडी थांबली, कारण गाडीचा टप कमानीपेक्षा वीतभर उंच होता. खाली घोट्याएवढा चिखल, नवरदेवाच्या पायांत पांढऱ्या मोजड्या. आतून भटजी घाई करत होते.

"चाकांची हवा सोडा," एक जण म्हणाला.

"नको, मानसं भरा. वजनानं गाडी बसंल!" नवरीचे मामा म्हणाले आणि पहिले तेच चढले. मागोमाग दहा-बारा वऱ्हाडी चढले. एका काकू मधुकरच्या मांडीवर बसल्या. गाडी दोन बोटं खाली गेली आणि ताठ उभी राहिली. स्प्रिंगा उत्तम होत्या.

आत्याचा संयम संपला. "उतरा सगले! गाडी वाकत न्हाय, तर कमान उचला!"

आणि त्यांनी खरोखर उचलली. केळीच्या खांबांसकट, तोरणासकट, चार-चार माणसांनी दोन्ही बाजूंनी उपटून डोक्यावर धरली. सनई वाजायला लागली. मी गाडी आत घेतली आणि मागे कमान परत रोवली गेली.

नवरदेवानं मंडपातल्या सतरंजीवर उडी मारली. मधुकर मात्र दाराच्या कडीला लोंबकळत राहिला; पाय जमिनीला पुरेनात. मामांनी त्याला काखेत धरून लहान मुलासारखा खाली ठेवला आणि कौतुकानं पाठीवर थापटलं. पंगतीत वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. मधुकर जेवता जेवता गाडीच्या दाराची उंची डोळ्यांनी मोजत होता.

ओहोटी लागल्यावर परतलो. गॅरेजात पाय टाकताच मधुकर म्हणाला, "दोन इंच."

"चार," मी म्हणाले.

दत्ताराम आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिला. मग कान खाजवत म्हणाला, "तीनचं सामान पन हाय."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुमी दोघं दोन आनि चारमधी एवढे रंगला व्हता. मधी कसा पडू?"

तीन इंच उंच झालेली गाडी घेऊन तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठाण्याला पोचलो. मधुकर पायरीवरून आपला आपण उतरला, माझ्याकडे न बघता. समोरच्या जोशीकाकूंनी विचारलं, "काय गं, समुद्र कसा होता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. समुद्र आम्ही पाहिलाच नव्हता. नागावला तो शंभर पावलांवर असावा; रात्री त्याची गाज ऐकत आम्ही स्प्रिंगांवरून भांडत होतो. लोक कोकणात जाऊन काय काय बघून येतात, आणि आम्ही बघितली ती चाकं, चिखल आणि डोक्यावरून चालत गेलेली कमान. पण तिथल्या कुणी आम्हाला वेड्यात काढलं नाही. आमचा खुळेपणा त्यांनी आपल्या कामाला जुंपला आणि वर जेवू घातलं.

"समुद्र ना?" मधुकर म्हणाला. "भरतीला वाटेवरच येतो. मागच्या सीटवरून, आत्यांच्या शेजारून, छान दिसतो."