मान न वळवणारा पंखा

आमच्या बाहेरच्या खोलीत सात पंखे आहेत आणि खुर्च्या दोन. तिसरा पाहुणा आला तर त्याला नुसता वारा खायला मिळतो. हे सगळे टेबलफॅन आमच्या ह्यांनी भंगारातून उचलून आणलेले. कुणाची जाळी चेपलेली, कुणाची वायर उंदरांनी कुरतडलेली, कुणाच्या पात्यांवर गंजाचे पापुद्रे. जन्मभर लिफ्टची दुरुस्ती केलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर जरा स्वस्थ बसेल, निदान भाजी तरी निवडून देईल, अशी माझी भाबडी समजूत होती. ह्यांनी पंखे धरले.

मी शाळेचे गणवेश शिवते. ह्यांची पेन्शन घराला आणि माझी शिलाई वरखर्चाला, आणि वरखर्च म्हणजे पंखे, हे न बोलताच ठरून गेलेलं. त्यामुळे कुठल्याही वस्तूची किंमत ऐकली की मी मनातल्या मनात तिचे शर्ट करते. पितळेची जाळी म्हणजे इतके शर्ट, जाळीच्या मधोमधचा कंपनीचा बिल्ला म्हणजे इतके. पूर्वी हा हिशेब मला झेपायचा.

जुने पंखे जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यांची एक रीत आहे. पंखा पुरा झाला की त्याचा फोटो टाकायचा आणि खाली तीन गोष्टी खऱ्या खऱ्या लिहायच्या: मूळचं काय, रिप्रो काय, आणि हात कुणाचा. रिप्रो म्हणजे जुन्या मापाबरहुकूम नव्यानं बनवलेला भाग. त्याला नकली म्हटलं की ह्यांचा चेहरा पडतो. तिसऱ्या ओळीत ह्यांनी सातही वेळा ‘हात माझा’ असं लिहिलं. पॉलिश करताना मीही कापड घासून घासून बोटं काळी केली आहेत, पण ते असो.

आठवा पंखा खरं तर सगळ्यांत आधी घरात आला. सगळ्यांत जुना, पाती पितळेची, बूड असं जड की हलवायला दोघं लागतात. ‘हात बसल्यावर हा करू’ म्हणून ह्यांनी तो पलंगाखाली ठेवून दिला होता. हात बसायला काही वर्षं गेली. आणि मग तोच हात हलायला लागला.

आधी कपबशी वाजायला लागली. मग एक दिवस म्हणाले, “कप नको, ग्लासात दे. जास्त मावतो.” मग उजवा हात खिशात जायला लागला. घरात, रस्त्यात, भाचीच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा. डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले आणि म्हणाले, अशक्तपणा आहे. गोळ्या आणायला मी गेले तेव्हा मेडिकलवाला म्हणाला, “काकू, ह्या मध्येच बंद करू नका बरं का. आजार हळूहळू वाढणारा आहे.” घरी आले, गोळ्या कपाटात ठेवल्या, चकार शब्द काढला नाही. नवरा लपवतो आणि बायको ते लपवलेलं लपवते, असा आमचा संसार चालला होता.

सकाळची गोळी पोटात गेली की थोडा वेळ ह्यांचा हात ताळ्यावर असायचा. तेवढ्या वेळात हे त्या आठव्या पंख्यावर बसायचे. असं करत करत पंखा उभा राहिला. बटण दाबलं, वारा आला, कापड बेतायला काढलेले माझे कागद खोलीभर उडाले. पण पंखा मान वळवेना. मागच्या डबीत नाण्याएवढं एक पितळी चाक असतं, त्याच्या दातांवर पंख्याची मान फिरते. ते दात झिजून चाक बोडकं झालेलं. पंखा आपला समोरच्या भिंतीकडे टक लावून बसला.

“सातांपैकी एकाचं काढून लावा,” मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी एका पोराची किडनी काढून दुसऱ्याला द्या म्हणाले होते. वर, ते बसतही नाही म्हणे. दात वेगळे.

मग जुन्या बाजारातल्या चष्मेवाल्याला विचारलं. हा आमचा नेहमीचा दुकानदार, चष्मा कायम कपाळावर. तो म्हणाला, ह्या पंख्याचं रिप्रो चाक बनवणारा एकच जण उरलाय, विचारून सांगतो. त्यानं सांगितलेला भाव म्हणजे चार शर्ट. “महाग आहे,” हे म्हणाले, “थोडं थांबू.” महिन्याभरानं पुन्हा विचारलं तर तेच चाक आठ शर्टांवर गेलेलं.

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रुपवर तर रोज रडारड चालूच होती. जाळी महागली, पाती महागली, बुडाखालचे रबरी पायसुद्धा दुप्पट झाले. पितळ चढलंय, कारागीर उरले नाहीत, हॉटेलवाले सजावटीसाठी वाटेल त्या भावानं उचलतायत, एकेकाचं एकेक कारण. हे ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचे, आणि मी मशीनवर कॉलरी वळवत ‘हं, हं’ करायचे.

घाई कशाची होती ते मला ठाऊक होतं. पैसे साठायला वेळ लागत होता, तेवढ्यात भाव वर जात होता, आणि हात काही थांबणार नव्हता. हा पंखा त्यांना स्वतःच्या हातानं पुरा करायचा होता. एवढंच त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून ते दिवसभर भावाबद्दल बोलायचे.

“चष्मेवाला मध्ये पैसे खातोय,” असं ठरवून ह्यांनी माझ्या दादाला कामाला लावलं. दादा दुसऱ्या शहरात राहतो, त्याच्या ओळखीचा एक स्पेअरपार्टवाला आहे. त्यानं भाव आणला तो बारा शर्ट. मग जावईबापूंना फोन गेला. त्यांनी बिचाऱ्यांनी सासऱ्याचा शब्द राखून आणखी कुठल्या तरी दुकानात विचारलं, तर अठरा! “बघ,” हे मला म्हणाले, “सगळं जग त्या चाकाच्या मागे लागलंय. कुणीतरी साठा करतोय.” ह्यांचा पाय घरात ठरेना. बाहेरच्या खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात, मध्येच फोन उघडायचा, मध्येच त्या पंख्याची डबी उघडून आत बघायचं. चाक आत आपोआप उगवणार होतं की काय कोण जाणे. माझ्या शिवणाला सरळ टीप पडेना.

शेवटी मीच पुढे झाले. माझ्याकडे दोन मुलांचे गणवेश शिवायला टाकणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा भाऊ मशिनरीच्या दुकानात. ह्यांना न सांगता त्यांच्याकडून मी त्या चाकवाल्याचा नंबरच काढला. फोन त्याच्या सुनेनं उचलला.

“तुम्हालापण तेच चाक पाहिजे?” ती वैतागून म्हणाली. “अहो, काय आहे काय त्या चाकात? बाबांनी आता पंचवीसशे सांगायला सांगितलंय.” म्हणजे माझे पंचवीस शर्ट. “आणि एकच उरलंय. पाठवणार नाही, येऊन न्यावं लागेल.”

एकच उरलंय म्हटल्यावर ह्यांना सांगणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही बसमध्ये होतो. माझ्या पर्समध्ये शिलाईचे जमवलेले सगळे पैसे. ह्यांचा हात खिशात, आणि डोळे पुढच्या बाकावरच्या एका माणसावर.

“त्याच्या मांडीवर पिशवी बघितलीस? कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी आहे. पंख्याची डबीच असणार.”

“कलिंगड आहे ते,” मी म्हटलं.

तो माणूस आमच्याच थांब्यावर उतरला तेव्हा हे जवळजवळ धावायलाच लागले. तो दुसऱ्या गल्लीत वळला, तेव्हा कुठे ह्यांचा श्वास खाली बसला.

चाकवाला म्हणजे लेथवर काम करणारे एक आजोबा निघाले; त्यांचं घर पुढे आणि कारखाना मागे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. लेथवर चादर पांघरलेली, भिंतीवर कानशी मापाप्रमाणे लावलेल्या, जमिनीवर पितळेचा चुरा अजून चमकत होता. आजोबा स्टुलावर बसून आमच्याकडे जरा तिरकी मान करून बघत होते.

“असं बघतो त्याचा राग मानू नका,” ते म्हणाले. “डोळ्यांना नेमकं समोरचंच दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुमचा चेहरा नाही, पण कान छान दिसतायत.”

मला हसू आलं. ह्यांना कशाचंच हसू येत नव्हतं. “चाक आहे ना अजून?” ह्यांनी विचारलं.

“आहे हो. पण मला एक सांगा, ह्या पंख्यांची काय लाट आलीय का बाजारात? वर्षं झाली, कुणी विचारत नव्हतं. आणि ह्या दोन-चार महिन्यांत नुसते फोन. माझे डोळे गेलेले, काम बंद केलेलं. नाही म्हणायला जीवावर येतं, म्हणून म्हटलं भाव वाढवू, लोक आपणहून नाद सोडतील. तर मी भाव वाढवतो आणि आणखी एकाचा फोन येतो!”

“कोण कोण विचारत होतं?” मी विचारलं. मला आता वेगळीच शंका यायला लागली होती.

“एक तो जुन्या बाजारातला. त्याचं गिऱ्हाईक म्हणे लिफ्टचं काम करायचं. मग एक स्पेअरपार्टवाला, कुणाच्या तरी मेव्हण्यासाठी. मग एक कुणाचा तरी जावई. आणि काल कोण बाई होती म्हणे.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे एवढी सगळी गर्दी…” हे म्हणाले.

“आपणच,” मी म्हटलं. “आणि ती बाई मी.”

आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सून काय झालं म्हणून बघायला आली आणि जाताना चहा ठेवून गेली. कपबशीत. हे त्या चहाकडे बघत राहिले, हात लावला नाही.

आजोबांनी चपट्या डबीतून कापसात ठेवलेलं चाक काढलं. “पहिला भाव सांगितला होता तेवढेच द्या. पण आधी नीट ऐका. दात पाडून झालेत, कडांवरचे पापुद्रे मात्र राहिलेत. तसंच बसवलंत तर आठ दिवसांत पुन्हा बोडकं होईल. मीच बारीक कानस मारून दिलं असतं, पण दात दिसत नाहीत मला. तुम्ही हातानं काम करणारे आहात, बरं झालं. इथेच बसा, पकड आहे, कानस आहे. मी आवाजावर सांगतो कुठे चुकतंय ते.”

ह्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत आवडीचं काम समोर ठेवलं होतं आणि ते जागचे हलले नाहीत. सकाळच्या गोळीचा जोर केव्हाच उतरला होता. वाटलं, आता म्हणतील, घरी जाऊन करतो. मग चाक कपाटात जाईल, पंखा पलंगाखाली जाईल, आणि हे पुन्हा भावाबद्दल बोलायला लागतील. आजोबांना तर समोरचं दिसतही नव्हतं. काहीही सांगून सुटता आलं असतं.

ह्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. तो चांगलाच हलत होता.

“माझा हात हलतो हो,” हे म्हणाले. “वाढतच जाणार आहे, डॉक्टर म्हणाले. मला नाही जमायचं हे.”

इतके महिने मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते ह्यांनी एका परक्या माणसाला सांगितलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. आजोबांनी मान आणखी तिरकी केली. मग म्हणाले, “मग आता?”

“हिचा हात चांगला आहे,” हे म्हणाले. “ही करेल.”

“मी?” मी म्हटलं. “मी काज-बटण करणारी बाई!”

“काजंच आहेत ती. सुईऐवजी कानशीनं करायची, एवढंच. बस.”

मी बसले. चाक पकडीत, तिकोनी कानस माझ्या हातात. हे भिंगातून बघणारे, आजोबा ऐकणारे. “पुढे ढकलताना दाब, मागे घेताना उचल.” “आवाज घोगरा झाला, दाब कमी करा.” “अगं, त्याच दातावर किती वेळ? पुढे चल.” दोन-दोन मास्तर डोक्यावर बसलेले, कोपरापर्यंत हात भरून आलेला. दोघांनाही मी एकदाच काय ते सुनावलं, मग जरा शांतपणे काम झालं. शेवटी आजोबांनी चाकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि ते पुन्हा कापसात ठेवलं. ह्यांचा चहा निवून गेला होता. ह्यांनी सुनेला हाक मारून सांगितलं, “जरा ग्लासात देता का? कप धरता येत नाही मला.”

घरी आल्यावर चाक मीच बसवलं, झाकणाचे मोठे स्क्रू ह्यांनी पिळले. बटण दाबलं. पंखा क्षणभर भिंतीकडे बघत राहिला, मग कुरकुरत त्यानं मान वळवली. आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा ह्यांच्याकडे. हे खुर्चीत बसले होते. हात खुर्चीच्या हातावर, उघडा, हलणारा.

फोन वाजला. चष्मेवाल्याचा मेसेज होता: ‘चाक आणखी महागलं. लवकर कळवा.’ हे हसले. मग त्यांनी पंख्याचा फोटो मला काढायला लावला, ग्रुप उघडला आणि फोन माझ्याकडे दिला.

“तू लिही. माझं बोट भलत्याच अक्षरावर पडतं.”

मी लिहीत गेले. मूळचं: पाती, जाळी, बूड, मोटर. रिप्रो: मान वळवायचं चाक. तिसऱ्या ओळीशी आले आणि सवयीनं ‘हात माझा’ लिहिलं. ‘माझा’ म्हणजे अर्थातच ह्यांचा.

“खोड ते,” हे म्हणाले. “ग्रुपवर खोटं चालत नाही.”

“मग काय लिहू?”

“लिही, हात बायकोचा.”

मी ते लिहिलं. पाठवायच्या आधी ह्यांनी फोन मागून घेतला, दोन्ही हातांत धरून ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि माझ्याकडे परत दिला.