नलूताईंनी सरळ केलेल्या ओळी

गिरगावातल्या एका छापखान्यात नलू कांदळगावकरांनी बावीस वर्षं मुद्रितं तपासली. वाकडी ओळ दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. छापखाना बंद पडला, लोअर परळच्या सॉफ्टवेअर कंपनीत सूचना तपासायचं काम मिळालं, तरी खोड काही सुटली नाही. जित्याची खोड ती, सुटणार कशी?

ही कंपनी इस्पितळातल्या सलाइन पंपांचं सॉफ्टवेअर करायची. पंप कसा चालवायचा याच्या सूचना प्रोग्रामर कोडमध्येच लिहीत आणि त्यांचं छापायचं पान आपोआप तयार होई. बुधवारी नलूताईंना तिसऱ्या पायरीखालच्या चार ओळी आत सरकलेल्या दिसल्या. पोरांचा गबाळेपणा, दुसरं काय! त्यांनी त्या समासाला आणून बसवल्या आणि समाधानाने चहा घेतला.

शुक्रवारी जेवता जेवता त्यांनी तयार पान सहज उघडलं आणि घास तोंडातच फिरायला लागला. सहा पायऱ्यांच्या दहा झाल्या होत्या.

"वैभव, हे असं का रे दिसतंय?"

शेजारचा प्रोग्रामर वाकून बघू लागला. "ताई, आत सरकवलेल्या ओळी म्हणजे पोटयादी. 'नळीत हवा दिसली तर' ही तिसरी पायरी. पंप थांबवा, नळी काढा, हे सगळं फक्त तेव्हाच करायचं. ओळीआधीची रिकामी जागा काढली की त्या दर वेळच्या पायऱ्या होतात. कोणी काढली?"

"मी."

"टेन्शन नका घेऊ. आत्ता नीट करतो, कोणाला कळणार पण नाय."

पण पान कालच परळच्या एका इस्पितळात गेलं होतं. कोणी पेशंटचं चालू औषध विनाकारण थांबवलं असेल तर? नलूताईंची नोकरी कायम व्हायला पंधरा दिवस उरले होते. गप्प बसावं, असं एकदा वाटलंही. मग त्यांनी इस्पितळात फोन लावला.

पलीकडे तिथल्या विल्मा सिस्टर होत्या. नव्या पानाप्रमाणे पंप दर वेळी थांबवताय का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "हो, सकाळपासून पंप तसाच थांबवतोय."

नलूताईंनी विचारलं, "पेशंटला लावलेला?"

"नाही हो, अजून नुसत्या पाण्यावर शिकतोय. पेशंटला सोमवारपासून."

नलूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक माझीच आहे, ते पान फाडून टाका, असं त्यांनी कसंबसं सांगितलं.

"मला विचित्रच वाटलेलं," विल्मा सिस्टर म्हणाल्या. "पण म्हटलं, कोणीतरी तपासलं असेलच ना."